क्ष-किरणांवाचून हृदयोपचार

हृदयाची लय विजेच्या सूक्ष्म स्पंदांवर अवलंबून असते. हे स्पंद आडवाटेने वाहू लागले, की ठोके बेताल पडतात. अशा वेळी मांडीच्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचीक नळी, हृदयात नेतात व तिच्या टोकाच्या उष्णतेने ती आडवाट तेवढी निकामी करतात. नळी कोठे पोचली हे पाहण्यास दीर्घकाळ क्ष-किरणांचाच आधार होता; परंतु त्यांचा उपसर्ग रोग्याप्रमाणे वैद्यासही होतो. १९९७ साली इस्राएलमधील संशोधकांनी चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने नळीचे स्थान ओळखून हृदयाचा नकाशा रेखाटण्याची रीत प्रसिद्ध केली. तिला श्राव्यातीत ध्वनिलहरींनी मिळणाऱ्या चित्रांची जोड देऊन आता कित्येक रोग्यांवर क्ष-किरणांवाचून उपचार करता येतात. बालके व गर्भवती यांच्या दृष्टीने हा लाभ विशेष मोलाचा होय.