बॅरिस्टर नाथ पै यांचे विधेयक

पंढरीनाथ बापू पै हे नाव आमच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. परंतु बॅरिस्टर नाथ पै म्हटले की बेळगावात व कोकणात वडीलधारी माणसे आजही हातचे काम थांबवून बोलू लागतात. ते मूळचे वेंगुर्ल्याचे, जन्म १९२२ चा. घरी कोंकणी व शाळेत मराठी अशा दोन अंगणांत वाढलेल्या आम्हांस ते शेजारच्या घरचेच वाटतात.

बेचाळीसच्या आंदोलनात त्यांनी तुरुंगवास भोगला, पुढे लंडनला जाऊन ते बॅरिस्टर झाले आणि १९५७ साली प्रजासमाजवादी पक्षातर्फे राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेले. १९६२ व १९६७ सालीही तेथील मतदारांनी त्यांनाच निवडले. त्यांच्या वक्तृत्वाची थोरवी पुष्कळांनी गाइली आहे. आम्ही येथे त्यांच्या एका विधेयकाविषयीच सांगणार आहोत.

फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांपैकी सहांनी असा निर्णय दिला की, संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती करता येणार नाही. वाद शब्दाचा होता. मूलभूत हक्क हिरावणारा ‘कायदा’ करू नये, असे घटनेचे तेरावे कलम सांगते. मग घटनादुरुस्ती हाही ‘कायदा’च काय? बहुमताने ‘होय’ म्हटले. नाथ पै यांना हे मान्य नव्हते. घटनेतील कोणतीही तरतूद दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेस आहे, असे स्पष्ट करणारे विधेयक त्यांनी त्याच वर्षी मांडले. ते मंत्री नव्हते. म्हणून हे खाजगी विधेयक ठरले, आणि अशी विधेयके क्वचितच संमत होतात.

ज्याने स्वातंत्र्यासाठी कारावास सोसला, त्याने हक्कांना हात लावण्याची मुभा का मागावी, असा प्रश्न आमच्या वर्गात एका मुलाने केला. प्रश्न रास्त आहे. त्या काळी मालमत्तेचा हक्कही मूलभूत हक्कांत मोडत असे, आणि गोलकनाथांचा तंटाच मुळी पंजाबातील कमाल जमीनधारणेचा होता. लोकांनी निवडलेल्या संसदेचे हात बांधले, तर जमीनसुधारणा व्हायच्या कशा, हा समाजवाद्यांपुढील पेच होता. विरोधकांची भीती मात्र आम्हांस पोकळ वाटत नाही; १९७५ सालच्या आणीबाणीत हक्कांची काय दशा झाली, हे घरोघरच्या आजोबांना विचारावे.

विधेयक संयुक्त समितीकडे गेले, चर्चा लांबली, आणि डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित होताच ते व्यपगत झाले, म्हणजे आपोआप रद्द झाले. पुढच्याच महिन्यात, १८ जानेवारी १९७१ रोजी, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नाथ पै बेळगावात निवर्तले. त्याच वर्षी सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती करून घेतली. तिचा गाभा त्यांच्या विधेयकाचाच होता. १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. मात्र घटनेची मूलभूत चौकट मोडण्याचा अधिकार संसदेसही नाही, असे तेरापैकी सात न्यायाधीशांनी त्याच निकालात बजावले.