सुभेदारांचं वजन

माणूस जाड झाला की आपण त्याला लठ्ठ म्हणतो, ढोल्या म्हणतो. मांजर जाड झालं की ते गुबगुबीत होतं. जाड्या मांजराला नाव ठेवणारा शब्द मराठीत मला अजून सापडलेला नाही. फार तर ‘बोका माजलाय’ म्हणतील, पण तेही कौतुकानं. त्यामुळे ‘आमच्या मांजराचं वजन वाढलंय’ अशी तक्रार घेऊन डॉक्टरांकडे सहसा कुणी जात नाही. जातात ते भलत्याच कारणांनी. मांजर फार पाणी पितंय, खिडकीवर उडी मारत नाही, पाठीवरच्या केसांच्या गाठी झाल्यात. आणि मग डॉक्टर सांगतात की पाठीपर्यंत त्याची जीभ पोचतच नाही, पोट मध्ये येतं.

मी पशुवैद्य नाही. साधा बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण आमच्या घरी सुभेदार नावाचा बारा वर्षांचा बोका आहे, आणि गेले काही महिने त्याचं वजन उतरवण्याचा उद्योग घरात चालू आहे. त्या निमित्तानं डॉक्टरांना विचारलेलं, वाचलेलं आणि रोज डोळ्यांसमोर पाहिलेलं सांगतो.

सुभेदारांचं वजन भरलं होतं ७ किलो २०० ग्रॅम. आपल्याकडचं साधं घरगुती मांजर साडेतीन ते पाच किलोचं असतं. सुभेदार हाडापेरानं मोठा, म्हणून डॉक्टरांनी त्याच्यासाठी साडेपाच किलो हा आकडा धरला. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नये. मांजर जाड आहे की नाही हे हातानं कळतं. मूठ वळा आणि वर आलेल्या गाठींवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवा. मांजराच्या फासळ्या अशा लागत असतील तर ते रोड आहे. आता पंजा पालथा पसरून त्यावरून बोट फिरवा. फासळ्या अशा लागल्या तर ठीक. आणि तळहातावरून बोट फिरवल्यासारखं, म्हणजे फासळ्या शोधाव्या लागत असतील, तर मांजर लठ्ठ आहे. डॉक्टर मंडळी याचीच एक ते नऊ अशी श्रेणी लावतात. पाच म्हणजे उत्तम, आणि त्यावरची प्रत्येक पायरी म्हणजे साधारण दहा टक्के जादा वजन. सुभेदार आठव्या पायरीवर होते. पोटाखाली लोंबणारी सैल कातडी मात्र बहुतेक मांजरांना असतेच, तिच्यावरून घाबरून जाऊ नये.

म्हाताऱ्या मांजराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हाताला कळते. पोट सुटलेलं असतं आणि त्याच वेळी पाठीचा कणा टोचतो. म्हणजे चरबी वाढलीय आणि मांस झडलंय. अशा मांजराचं खाणं सरसकट कमी केलं तर उरलंसुरलं मांसही जाईल. म्हणून खाण्याला हात लावण्याआधी रक्त आणि लघवी तपासून घ्यायची. मूत्रपिंड, साखर, थायरॉईड या तिन्हींचा निकाल हाती येईपर्यंत मांजराचं जे चाललंय ते चालू द्यावं. लठ्ठ मांजराला मधुमेह होण्याचा धोका सडपातळ मांजराच्या सुमारे चौपट असतो. शिवाय मूत्रपिंडं थकलेल्या मांजराचा आहार निराळा असतो. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात या तपासण्या होत नसतील तर डॉक्टर पुढचा पत्ता सांगतात. मुंबईकरांना परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे, सातारा-पुणेकरांना शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

निकाल ठीक आले आणि घरात जाहीर झालं की सुभेदारांचं खाणं कमी होणार. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, लगेच म्हणाली, “बेजुबान जीव आहे तो. त्याला उपाशी ठेवशील?” यामागे नुसती माया नाही. मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या, तिला खायला न देणाऱ्या आणि बाहेर जाऊन पोट भरायलाही न सोडणाऱ्या बाईला मिळालेल्या शिक्षेची हदीस आमच्या घरांतून मुलांना अगदी लहानपणी ऐकवली जाते. आपानं ती मला पुन्हा ऐकवली. मी डॉक्टरांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, “ताईंचं बरोबर आहे. जाड्या मांजराला उपाशी ठेवलं तर ते मरू शकतं.”

हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माणूस चार दिवस लंघन करू शकतो. मांजराचं तसं नाही. खाणं थांबलं की अंगातली चरबी सुटून यकृताकडे धावते. लठ्ठ मांजराकडे चरबीचा साठा मोठा, त्यामुळे धावणारी चरबीही भरपूर. मांजराचं यकृत एवढी चरबी वापरू शकत नाही, बाहेरही धाडू शकत नाही. ती यकृताच्या पेशींतच साठत जाते आणि यकृत काम सोडतं. मांजर मलूल होतं, ओकतं, लाळ गाळतं, कानांच्या आतली कातडी आणि हिरड्या पिवळ्या पडतात. आता त्याला खावंसंच वाटत नाही, आणि न खाल्ल्यानं आजार आणखी वाढतो. हे दोन-तीन दिवसांच्या उपासानंही सुरू होऊ शकतं. वेळेवर दवाखान्यात नेलं तर नळीनं अन्न घालून, कित्येक आठवडे सेवा करून मांजर वाचतं. म्हणून ‘भूक लागली की खाईल झक मारून’ हा जो आपला घरगुती न्याय आहे, तो मांजराला लावायचा नाही. नवं खाणं नको म्हणून मांजर दिवसभर तोंड फिरवून बसलं, तर जुनं खाणं परत द्यावं आणि डॉक्टरांना फोन करावा. नवं खाणं जुन्यात थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवसांत बदलायचं.

मग कमी करायचं ते किती? आधी मांजर खातं किती, हे कळायला हवं. आम्ही आठ दिवस वही ठेवली. घरातल्या प्रत्येकानं सुभेदाराला जे घातलं ते लिहायचं, खोटं बोलायचं नाही. सकाळच्या चहाबरोबर बशीभर म्हशीचं दूध. दुपारी तळलेल्या बांगड्याचं डोकं आणि कातडी. चार वाजता शेजारच्या काकूंकडे मच्छीभात. संध्याकाळी मारी बिस्किट. आणि वाडग्यात पाकिटातले दाणे अहोरात्र भरलेले. म्हशीचं दूध १०० मिलीलिटर घेतलं तर त्यात शंभराहून अधिक कॅलरी असतात. मारी बिस्किटात पंचवीसेक. सगळी बेरीज रोज चारशेच्या पलीकडे जात होती. डॉक्टरांच्या हिशेबानं साडेपाच किलोवर यायचं तर त्याला दिवसाला २०० कॅलरी पुरेत. नसबंदी झालेल्या मांजराची ऊर्जेची गरज कमी होते आणि भूक वाढते, त्यात वय झालेलं, हालचाल कमी. म्हणजे नुसतं बशीभर दूध हा सुभेदारांचा अर्धा दिवस होता.

दुधाविषयी आपल्या भाषेनंच घोटाळा करून ठेवलाय. मांजर म्हटलं की दूध, आणि तेही डोळे मिटून. पण मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. दूध हे मांजराचं अन्नच नव्हे. ते मांसावर जगणारं जनावर आहे. त्याला टॉरिन नावाचा घटक अन्नातून मिळावाच लागतो. तो कमी पडला तर दृष्टिपटल खराब होतं, हे १९७५ साली कळलं. हृदयाचे स्नायू फुगून सैल पडतात, हे १९८७ साली. त्यानंतर तयार खाद्यात टॉरिन वाढवलं गेलं. वजन उतरवताना मांस टिकायला हवं, म्हणून प्रथिनं भरपूर आणि चरबी-पीठ कमी असं खाद्य डॉक्टर लिहून देतात. कुणी म्हणेल, रोज उकडलेली मच्छी घालतो. नुसत्या मच्छीनं कॅल्शियम आणि इतर बरंच काही कमी पडतं. काही जातींच्या कच्च्या माशांत जीवनसत्त्व ब-१ नासवणारा घटक असतो. आणि कालवणातला तुकडा तर नकोच, कारण कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

आता दाणे वाडग्यात ओतले जात नाहीत, स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर तोलले जातात. कोरड्या खाद्यात १०० ग्रॅमला साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात, नेमका आकडा पाकिटावर असतो. म्हणजे दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आसपास. मूठभर दाणे दिसायला फार थोडे दिसतात, पाहणाऱ्याचा जीव कळवळतो. निम्मे दाणे आणि निम्मं ओलं खाद्य दिलं तर तेवढ्याच कॅलरीत वाडगं भरलेलं दिसतं, कारण ओल्या खाद्यात पाऊण भाग पाणीच असतं. मुळात कमी पाणी पिणाऱ्या म्हाताऱ्या मांजराला ते पाणी हवंच असतं. एकदम न देता दिवसातून चार वेळा विभागून द्यावं.

आपाचं आणि काकूंचं काय? त्यांना ‘घालू नका’ सांगणं हा उपाय नव्हे. बंदी घातली की चोरून घालतात, आणि चोरीचा हिशेब वहीत येत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दिवसाच्या दहा टक्क्यांपर्यंत कॅलरी वरखाऊच्या असायला हरकत नाही. वीस कॅलरी म्हणजे उकडलेल्या कोंबडीचे, मीठमसाला न लावलेले, बारा-तेरा ग्रॅम. त्याचे बारीक तुकडे करून दोन डब्या भरतात. एक आपाची, एक काकूंची. डबी संपली की दिवस संपला. काकू चार तुकडे चार वेळा देतात. सुभेदाराची प्रत्येक फेरी साजरी होते.

वजन घरी कसं करायचं हे बरेच जण विचारतात. मांजर कडेवर घेऊन न्हाणीघरातल्या काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, ही रीत ठीक आहे, पण तिच्यात शे-दोनशे ग्रॅमचा फरक सहज पडतो. आणि इथे सगळा खेळ ग्रॅममध्ये आहे. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का एवढंच उतरावं. सुभेदाराच्या बाबतीत ३६ ते ७२ ग्रॅम. आठवड्याला दोन टक्क्यांहून जास्त उतरू लागलं तर खाणं वाढवायचं आणि डॉक्टरांना गाठायचं. लहान बाळांचं वजन करतात तसा दहा ग्रॅम दाखवणारा काटा कुणाकडे असेल तर तो मागून आणावा. दर पंधरा दिवसांनी, त्याच वेळी, खाण्याआधी वजन करावं.

व्यायामाबद्दल फार आशा ठेवू नये. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांची क्ष-किरण चित्रं तपासली, तर त्यांतल्या नव्वद मांजरांत सांध्यांची झीज दिसली. मांजर लंगडत नाही, कण्हत नाही. ते फक्त उडी मारणं सोडून देतं, आणि आपण म्हणतो आळशी झालंय. अशा मांजराला पळवायचं नाही. खिडकीखाली स्टूल ठेवावं, म्हणजे एका उंच उडीच्या दोन ठेंगण्या होतात. वाळूच्या घमेल्याऐवजी बसक्या काठाचं तसराळं ठेवावं. दाणे एका जागी न देता घरात तीन-चार ठिकाणी ठेवावेत, अंड्यांच्या रिकाम्या ट्रेच्या खळग्यांत टाकावेत. पाच मिनिटं दोरी हलवावी, दमलं की थांबावं. आणि सांधे दुखतात म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी चुकूनही देऊ नये. एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. दुखण्यावर मांजरासाठीची वेगळी औषधं डॉक्टरांकडे असतात.

सातव्या महिन्यात काटा ५ किलो ९०० ग्रॅम दाखवतोय. मध्ये एकदा पाच आठवडे तो जागचा हलला नव्हता. तेव्हा डॉक्टरांनी दाणे पाच ग्रॅमनं कमी केले आणि पुन्हा उतार लागला. सुभेदार आता पाठ चाटतो. मान वळवून शेपटीच्या मुळापर्यंत जीभ नेतो. पहाटे चार वाजता भांडं सरकवून आम्हाला उठवण्याची सवय मात्र गेलेली नाही. त्यावर उपाय म्हणून रात्री झोपताना शेवटचा घास ठेवतो.

साडेपाच किलोला पोचला की खाणं थोडं थोडं वाढवत, वजन स्थिर राहील अशा मापावर आणायचं. जुन्या मापावर परत जायचं नाही. वजन मग महिन्यातून एकदा केलं तरी चालेल, पण वही बंद करायची नाही. म्हाताऱ्या मांजराचं वजन आपण न उतरवता उतरायला लागलं, तर तीच पहिली खूण असते. भूक वाढलीय आणि वजन घटतंय, तर बहुधा थायरॉईड किंवा साखर. भूक मंदावलीय आणि पाणी वाढलंय, तर आधी मूत्रपिंडाची शंका घ्यायची. साडेपाचच्या खाली, काही न करता, दोनशे ग्रॅम गेले तर त्याच आठवड्यात घेऊन या, असं डॉक्टरांनी आम्हाला सांगून ठेवलंय. आपानं तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवला आहे.