गवंड्याचा नाच आणि विद्वानांचे नियम

26 डिसेंबर 1899 रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, ऑक्सफर्डलगतच्या हेडिंग्टन येथे एका घरासमोर काही माणसे नाचत आली. पांढरा पोशाख, रंगीत फिती, पायांना घुंगरे, हाती रुमाल असा त्यांचा थाट होता. हा ‘मॉरिस’ नाच वस्तुतः मे-जूनच्या सुमारास येणाऱ्या व्हिटसन सणाचा. परंतु त्या कडाक्याच्या थंडीत बांधकामे थांबली होती, गवंड्यांच्या हाताला काम नव्हते आणि चार पैसे मिळावेत म्हणून ही मंडळी अवेळी बाहेर पडली होती. त्या घरी पाहुणे म्हणून उतरलेले संगीतशिक्षक सेसिल शार्प यांनी तो नाच पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉन्सर्टिना हे भात्याचे छोटे वाद्य वाजविणाऱ्या विल्यम किंबर या तरुण गवंड्याला बोलावून घेतले आणि त्याच्याकडून पाच चाली टिपून घेतल्या. इंग्लंडमधील लोकनृत्याच्या पुनरुज्जीवनाची कथा येथूनच सांगण्याचा प्रघात आहे.

तथापि चाली टिपून घेणे निराळे आणि नाच जिवंत करणे निराळे. शार्प यांच्या वहीत त्या चाली कित्येक वर्षे पडून होत्या. 1905 साली मेरी नील या समाजसेविका त्यांच्याकडे गेल्या. लंडनमध्ये शिवणकाम करून पोट भरणाऱ्या मुलींसाठी त्या ‘एस्पेरान्स’ नावाचे मंडळ चालवीत. गाण्यांबरोबर या मुलींना काही नाचही शिकविता येतील काय, असे त्यांनी विचारले. शार्प यांनी किंबरचे नाव सुचविले. नीलबाई हेडिंग्टनला गेल्या, किंबर आपल्या चुलतभावासह लंडनला आला आणि दिवसभर सुई चालविणाऱ्या त्या मुली संध्याकाळी गवंड्यांकडून पावले शिकू लागल्या. पुढे याच मुली गावोगाव शिक्षिका म्हणून गेल्या. 1907 साली प्रसिद्ध झालेले मॉरिस नृत्यावरील पहिले पुस्तक शार्प यांनी याच मंडळाच्या मुलींना अर्पण केले होते, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही!

स्नेह फार काळ टिकला नाही. नाच ज्यांच्या अंगात आहे त्यांच्याकडूनच तो घ्यावा आणि आनंदाने करावा, पाऊल थोडे इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही, अशी नीलबाईंची भूमिका. तंत्र अचूक हवे, त्याला जाणत्यांची मान्यता हवी, ही शार्प यांची. शार्प यांचा आग्रह सर्वस्वी चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. लेखनाची शिस्त नसती तर कित्येक नाच नामशेष झाले असते. परंतु 1911 साली लोकनृत्य संस्था स्थापन झाली ती शार्प यांच्या नेतृत्वाखाली, आणि महायुद्धाच्या धामधुमीत एस्पेरान्सचे कार्य थांबले.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच घडली. 1934 साली मॉरिस पथकांचा ‘मॉरिस रिंग’ हा संघ निघाला, तो केवळ पुरुषांचा. मॉरिस हा परंपरेने पुरुषांचाच नाच, हे त्याचे कारण. जुन्या खेड्यांपुरते ते बरेचसे खरेही होते. पण ज्या पुनरुज्जीवनाच्या पायावर हा संघ उभा राहिला, तो पाया शिवणकाम करणाऱ्या मुलींनी घातला होता, त्याचे काय? स्त्रियांना 1975 साली स्वतःचा वेगळा महासंघ काढावा लागला. रिंगने स्त्रियांना दारे उघडली ती 2018 साली! चेहरा काळा रंगविण्याच्या प्रथेवरून 2020 साली वाद पेटला, तेव्हाही बचावासाठी परंपरेचाच आधार घेतला गेला. वंशद्वेषाची छाया असलेली ती प्रथा सोडण्याचे आवाहन मॉरिस संघटनांनी केले, ते योग्यच झाले. ‘हे पूर्वापार असेच आहे’ असे कोणी म्हटले की पूर्वापार म्हणजे नेमके कधीपासून, हे विचारण्याची सवय आपणही लावून घ्यावयास हवी.

हेडिंग्टन 1929 पासून ऑक्सफर्ड शहरातच सामावले आहे. तेथील एका रस्त्याला आज किंबरचे नाव आहे. दर वर्षी 1 मे रोजी सकाळी सहा वाजता मॉडलिन महाविद्यालयाच्या मनोऱ्यावरून गायकवृंद गातो. मग खाली जमलेली हजारोंची गर्दी रस्त्यारस्त्यांवर पांगते आणि चौकाचौकांत मॉरिस पथके नाचू लागतात. त्यांत पुरुष असतात, स्त्रियाही असतात. रात्रभर जागलेले विद्यार्थी आणि कामावर निघालेली माणसे कडेला उभी राहून पाहतात.