मीटरपासून गाडीपर्यंत

घरातली जड उपकरणं सहसा थोडा वेळच वीज ओढतात. पाणी तापलं की गिझर आपोआप बंद होतो. इस्त्रीचा लाल दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. मिक्सरचं काम दोन-तीन मिनिटांत उरकतं. एसी रात्रभर चालू असला तरी खोली गार झाली की त्याचा कॉम्प्रेसर मधूनमधून विसावतो. या अधूनमधूनच्या वापराच्या अंदाजावरच आपल्याकडचं घरगुती वायरिंग केलेलं असतं. इलेक्ट्रिक कारची गोष्ट वेगळी. रिकाम्या बॅटरीची गाडी रात्री अकराला प्लगला लावली, तर पहाटेपर्यंत ती सलग पंधरा अँपिअर ओढत राहते. इतका मोठा भार, इतका वेळ, एकाच पॉइंटवर घेणारी वस्तू आपल्या घरांत आजवर आलेलीच नव्हती.

शोरूममध्ये चर्चा होते ती चार्जरची. भिंतीवर लावायचा की बरोबर न्यायचा, ३.३ किलोवॉटचा की ७.२चा, मोबाइलवर त्याचं ॲप आहे की नाही. घरमालकानं खरं लक्ष घालायला हवं ते मीटरपासून चार्जरपर्यंतच्या लाइनमध्ये: वायर किती जाडीची, जोड किती, एमसीबी कितीची, अर्थिंग आहे की नुसतं दिसतंय. लाइन चांगली असेल तर लहान चार्जर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो. लाइन कच्ची असेल तर महागड्या चार्जरनं धोका वाढतोच.

आधी गरज किती ते पाहू. बंगळूरुची ‘रेवा’ ही इलेक्ट्रिक कार २००१ साली बाजारात आली, तेव्हा ती घरातल्या पंधरा अँपिअरच्या प्लगवरच चार्ज होत असे. २०२० साली आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ किलोवॉट तासांची, म्हणजे साधारण तीस युनिटांची होती. तीही पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर आठ-नऊ तासांत भरते. पण रोज बॅटरी पूर्ण रिकामी करून घरी परतणारे किती? मध्यम आकाराची कार १०० किलोमीटरला साधारण १२ ते १५ युनिट खाते. पुण्यात हडपसरहून हिंजवडीला रोज ये-जा करणाऱ्याचे साठेक किलोमीटर होतात. त्याला रोज आठ-नऊ युनिट लागतील आणि ३.३ किलोवॉटचा चार्जर ते तीन तासांच्या आसपास भरून देईल. त्यामुळे बहुतेक कुटुंबांना ७.२ किलोवॉटची घाई करायचं कारण नाही. गाडी रात्रभर उभीच असते.

आता त्या पंधरा अँपिअरकडे जवळून बघू. वायर तापते ती तिच्यातल्या विरोधामुळे, आणि ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सॉकेटच्या मागे एखादा स्क्रू नीट आवळलेला नसला आणि त्या जोडात फक्त ०.१ ओहमचा विरोध तयार झाला, तर पंधरा अँपिअरला तिथे २२.५ वॉट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडचं लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं आणि ते कथील-शिसं वितळवतं. सॉकेटच्या प्लास्टिकमागे तेवढी धग रोज रात्री तासन्‌तास राहते. हाच सैल जोड ३२ अँपिअरवर असेल, तर उष्णता १०० वॉटच्या वर जाते. अशा वेळी एमसीबी मदतीला येत नाही. तिच्या लेखी सगळं ठीक असतं, कारण ठरल्यापेक्षा जास्त प्रवाह वाहतच नसतो. सॉकेटचा चेहरा पिवळट होणं, प्लगची पिन काळवंडणं, बेकेलाइट जळाल्यासारखा वास येणं एवढीच काय ती सूचना मिळते.

जुन्या इमारतींत हा प्रश्न जास्त बिकट आहे. अनेक ठिकाणी अजून ॲल्युमिनिअमच्या वायरी आहेत, मीटरजवळ चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत, आणि फ्यूज उडाला की हाताला लागेल ती तार त्यात बांधलेली आहे. एकाच लाइनवर वॉशिंग मशीन, फ्रिज आणि बाल्कनीतला पॉइंट असतो. अशा पॉइंटवरून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडून गाडी चार्ज करणं ही चूक फार ठिकाणी दिसते. एक्स्टेन्शनच्या गुंडाळलेल्या वायरीला उष्णता बाहेर टाकायला वावच नसतो.

म्हणून पहिलं काम स्वतंत्र लाइन ओढण्याचं. मीटरनंतरच्या मेन बोर्डातून थेट गाडीच्या पॉइंटपर्यंत, मध्ये एकही जोड नसलेली, तांब्याची. पंधरा-सोळा अँपिअरसाठी कागदावर अडीच चौरस मिलिमीटरची वायर पुरते. तरी चारची टाकावी. मीटर रूमपासून पार्किंग तीस मीटर लांब असेल, तर अडीचच्या वायरीत जाऊन-येऊन सुमारे शंभर वॉट नुसते उष्णतेत जातात. चारच्या वायरीत साठच्या आसपास. ३२ अँपिअरच्या चार्जरला किमान सहाची वायर हवी. अंतर जास्त असेल किंवा पाइप उन्हात तापणाऱ्या भिंतीवरून जात असेल, तर दहाची. आणि एक गोष्ट निक्षून सांगायला हवी: एमसीबी सारखी पडते म्हणून तिच्या जागी मोठी एमसीबी बसवू नये. एमसीबी वायरीच्या रक्षणासाठी असते. वायर तीच ठेवून एमसीबी मोठी केली, की भिंतीतली वायर जळेपर्यंत ती पडणारच नाही.

अर्थिंगकडे आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. थ्री पिन सॉकेटचं वरचं मोठं भोक पुष्कळ घरांत नुसतं भोक असतं. मागे वायरच जोडलेली नसते, किंवा असली तरी ती जमिनीपर्यंत पोचलेली नसते. फ्रिज त्याबद्दल तक्रार करत नाही. गाडीचा चार्जर मात्र करतो. चार्जिंग सुरू करण्याआधी तो अर्थ तपासतो आणि तो मिळाला नाही की लाल दिवा लावून स्वस्थ बसतो. इथे एक घातक युक्ती वापरली जाते. वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात वायरीचा तुकडा जोडून देतो. चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो, गाडी चार्ज होऊ लागते, सगळे खूश. पुढे कधीतरी त्या लाइनचा न्यूट्रल तुटतो किंवा सैल होतो. मग परतीचा रस्ता बंद झालेली वीज त्या तुकड्यातून अर्थच्या वायरीत आणि तिथून गाडीच्या पत्र्यावर येते. २३० व्होल्ट गाडीच्या दारावर. ओल्या जमिनीवर उभं राहून ते दार उघडणारा माणूस कुणाच्याही घरातला असू शकतो. ही जोडणी कुणी करून देत असेल, तर त्याला तिथेच थांबवावं.

खरं अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेला पाइप किंवा पट्टी, तिथून वर आलेली अखंड तार आणि मापून घेतलेला आकडा. अर्थ टेस्टरवर पाच ओहमच्या आत विरोध आला तर उत्तम. दख्खनच्या मुरमाड, खडकाळ जमिनीत पावसाळ्यात चांगला येणारा आकडा एप्रिल-मेमध्ये बिघडतो, कारण माती कोरडी पडते. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायची जुनी पद्धत आहे. सोसायट्यांत तो खड्डा फरशी घालताना बुजवला जातो आणि कुठे होता हेही पुढे कुणाला आठवत नाही. मोजणी करायचीच तर मे महिन्यात करावी.

अर्थिंगच्या जोडीला आरसीसीबी हवीच. जाणारा प्रवाह आणि परतणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज कुणाच्या तरी शरीरातून किंवा पत्र्यातून गळू लागली, की ती क्षणार्धात लाइन तोडते. दुकानात ‘एसी’ प्रकारची स्वस्त मिळते. गाडीसाठी किमान ‘ए’ प्रकारची घ्यावी. गाडीच्या चार्जिंगमध्ये गळतीच्या प्रवाहाला एकदिश म्हणजे डीसी अंश चिकटू शकतो, आणि त्याच्यापुढे ‘एसी’ प्रकार आंधळा ठरू शकतो. भिंतीवरच्या चांगल्या चार्जरमध्ये सहा मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखणारी सोय आतच असते. खरेदीआधी माहितीपत्रकात ती पाहावी. आरसीसीबीवरचं ‘टी’ लिहिलेलं बटण अधूनमधून दाबून ती पडते का हेही तपासावं.

७.२ किलोवॉटचा चार्जर हवाच असेल, तर गोष्ट सॉकेटपुरती राहत नाही. तो एकटा ३२ अँपिअर घेतो, आणि सिंगल फेजच्या अनेक घरांत मेन स्विचच ३२ अँपिअरचा असतो. गाडी लावल्यावर पंखासुद्धा त्या हिशेबात बसत नाही. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा पॉवर, मुलुंड-भांडुप आणि उरलेल्या बहुतेक महाराष्ट्रात महावितरण अशा वेगवेगळ्या कंपन्या वीज देतात. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ असा एक रकाना असतो. सहसा कुणी तो वाचत नाही, पण गाडी घेण्याआधी वाचावा. तिथे दोन-तीन किलोवॉट लिहिलं असेल, तर भारवाढीचा अर्ज करावा लागेल. त्यासोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. थ्री फेज घेतलं, तर गाडी एका फेजवर, एसी दुसऱ्यावर, गिझर तिसऱ्यावर अशी वाटणी करता येते. पण थ्री फेज आलं म्हणून ११ किंवा २२ किलोवॉटचा चार्जर घेऊन टाकू नये. घरच्या विजेवरच्या (एसी) चार्जिंगचा वेग गाडीच्या आत बसवलेला चार्जर ठरवतो. तो ७.२ किलोवॉटचा असेल, तर बाहेर कितीही मोठा लावा, गाडी तेवढंच घेणार. आणि घरात इन्व्हर्टर असेल, तर गाडीची लाइन त्याच्या वाटणीतून बाहेर आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

बिलाचं गणित सोपं आहे. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे साधारण १४० युनिट. महावितरणच्या घरगुती दरांत १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात. १८० युनिट वापरणारं घर ३२०वर जातं आणि जेमतेम वीस युनिट महाग टप्प्यात पडतात. आधीच २८० वापरणाऱ्या घराचे मात्र १२० युनिट तिथे जातात. अशा घरानं गाडीसाठी वेगळ्या मीटरचा विचार जरूर करावा, कारण राज्यात इलेक्ट्रिक वाहनांच्या चार्जिंगसाठी दराचा वेगळा वर्ग आहे. जुलै २०२५मध्ये महावितरणनं वापराची वेळ नोंदवणारे टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत सुरू केली. ज्यांची गाडी दिवसा घरीच असते, त्यांना ती उपयोगी पडेल.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा खरा झगडा सोसायटीशी असतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या डिसेंबर २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी घरी खासगी चार्जिंगला परवानगी दिली, आणि जानेवारी २०२२च्या सूचनांनी वाहनधारकाला आपल्या आहे त्याच वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येईल असं स्पष्ट केलं. फेब्रुवारी २०१९मध्ये आदर्श इमारत उपविधींत बदल करून नव्या इमारतींच्या पार्किंगमधल्या २० टक्के जागेत चार्जिंगची सोय सुचवली गेली. पण जुन्या इमारतीची मीटर रूम तेवढीच राहते. पहिला सभासद आपली केबल पार्किंगच्या छताला क्लिपा मारून नेतो, दुसरा तिच्यावरून, आणि सातव्याच्या वेळी छतावर गुंता झालेला असतो. सगळ्या केबल एकमेकींना चिकटून तापतात, ते वेगळंच. त्यापेक्षा सोसायटीनं एकदाच जाड केबल पार्किंगपर्यंत आणावी, तिथे वितरण पेटी बसवावी आणि उपलब्ध भार वाटून घेणारे चार्जर लावावेत. चार गाड्या लागल्या की प्रत्येकीला थोडी कमी वीज मिळते, दोन निघून गेल्या की उरलेल्यांना जास्त. पेट्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये साचणाऱ्या पाण्याच्या पातळीपेक्षा बऱ्याच वर आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून बंदिस्त हव्यात.

स्कूटरवाल्यांनी यातलं फारसं मनाला लावून घेऊ नये. बहुतेक इलेक्ट्रिक स्कूटरचा घरगुती चार्जर साधारण ७०० ते ८०० वॉटचा, म्हणजे तीन-साडेतीन अँपिअरचा असतो. धड सॉकेट, खरं अर्थिंग आणि आरसीसीबी एवढं पुरतं.

काम झाल्यावर पहिल्या रात्री एक तासानं पार्किंगमध्ये जाऊन प्लगच्या बाहेरच्या बाजूला हात लावून पाहावा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर लाइन एमसीबीतून बंद करून जोड उघडावा. महिन्याभरानं मेन बंद करून वायरमनकडून सगळे स्क्रू पुन्हा आवळून घ्यावेत. रोजच्या तापण्या-निवण्यानं ते हळूहळू ढिले पडतात, आणि मीटरपासूनची मुख्य केबल ॲल्युमिनिअमची असेल तर जरा लवकरच.