मणीचा घोडा

दर रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती पाच पोरं बसतात. मधे हातानं काढलेला नकाशा असतो, त्यावर नद्या, किल्ले, एखादं जळकं गाव. ती वीस बाजूंचा फासा टाकतात आणि चार-चार तास एक गोष्ट खेळत राहतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ असं त्या खेळाचं नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत तो काढला. एकानं सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी पात्रं. राज्य, रयत, देव, राक्षस सगळं सूत्रधारानं रचायचं. आमच्याकडे सूत्रधार माझा नातू आहे, अकरावीतला. गेल्या कार्तिकात त्याच्या राज्यासाठी त्याला युद्धाचा देव हवा होता.

त्याची वही मी वाचली. देवाला काळं चिलखत. नैवेद्य रक्ताचा. भक्त फक्त सैनिक. शेवटची ओळ होती, ‘हरलेल्याला देवळात प्रवेश नाही.’

“आजी, बरोबर वाटतं का?” त्यानं विचारलं.

मी त्याला देव्हाऱ्यातला टाक आणायला सांगितला.

चांदीचा टाक, आगपेटीपेक्षा थोडा मोठा. माझ्या सासूबाईंच्या लग्नात सासऱ्यांनी तो झिजलेल्या जुन्या टाकावरून नव्यानं घडवून घेतला होता. त्यावर घोडा आहे, घोड्यावर खंडोबा, हातात खांडा, आणि त्याच्या पुढ्यात म्हाळसा बसलेली. खाली कुत्रा धावतोय. घोड्याच्या पायाशी दोन बारीक उंचवटे आहेत. रोजच्या पुसण्यानं त्यांचे नाक-डोळे कधीच गेले, पण ती डोकी आहेत. मणी आणि मल्ल. नातवानं जन्मापासून हा टाक पाहिलाय. ‘जय मल्हार’ ही मालिका तो आजोबांच्या मांडीवर बसून बघायचा, त्यामुळे बानू आणि म्हाळसेचं भांडण त्याला तोंडपाठ. पण घरातला देव लढाईचा देव आहे, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याच्या खेळाचं १९८० सालचं एक पुस्तक आहे, त्यात जगभरचे देव घेतलेत, आपले इंद्र, अग्नी, वरुण, यमसुद्धा. खंडोबा नाही.

गोष्ट मी त्याला सांगितली ती अशी. मणी आणि मल्ल हे दोघे दैत्य भाऊ. मणिचूर्ण पर्वतावर ऋषींचे आश्रम होते, ते या दोघांनी उद्ध्वस्त केले. ऋषी इंद्राकडे गेले, विष्णूकडे गेले, शेवटी शंकराकडे. शंकरानं मार्तंडभैरवाचं रूप घेतलं आणि सात कोटी सैन्य घेऊन तो चालून आला. ‘येळकोट’ म्हणजे तेच सात कोटी, कानडीतले ‘एळु कोटी’, असं सांगतात. हा देव कर्नाटकात मैलार आहे, आंध्र-तेलंगणात मल्लण्णा, त्यामुळे त्याच्या जयजयकारात कानडी शब्द असावा यात नवल नाही. लढाई सहा दिवस चालली, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत. म्हणून आमच्याकडे घट बसतात ते सहा दिवसांचे, आणि सहाव्या दिवशी चंपाषष्ठीला उठतात. संस्कृतात ‘मल्हारी माहात्म्य’ आहे, मराठीत ‘मार्तंड विजय’ आहे. पण घरोघरी ही गोष्ट पोचली ती वाघ्या-मुरळीच्या तोंडून.

“आणि मग भक्त काय करतात?” नातवानं पेन उघडलं.

मला सांगायचं होतं ते इथंच होतं. लढाई देवानं कधीच उरकली. भक्ताला कुणी लढायला सांगत नाही. त्याच्या वाट्याला येतं ते देणं: बोललेला नवस, आलेला कुळधर्म, भरायची तळी. खंडोबाचा सगळा धर्म या देण्याघेण्यावर चालतो, आणि तो चालवायला हळद लागते, खोबरं लागतं, वांगी लागतात, माणसं लागतात.

हळद आम्ही लालबागच्या मिरची गल्लीतून आणतो. चाळीत होतो तेव्हा गिरणीतून सुटल्यावर सासरे स्वतः जायचे. हळकुंडं पारखून घ्यायचे, समोर दळून घ्यायचे आणि घरी येईपर्यंत त्यांच्या खाकी पिशवीचा तळ पिवळा झालेला असायचा. तो देवाचा भंडार. बेल दादरच्या फुलबाजारातून. वांगी मात्र गावाकडून कुणी आणली तर फार बरं, कारण भरिताला साताऱ्याकडचं वांगं वेगळंच लागतं. चातुर्मासात आमच्यात कांदा-वांगं बंद असतं, ते चंपाषष्ठीला देवाला दाखवून मगच सुटतं. म्हणून काही ठिकाणी या दिवसाला वांगेसटच म्हणतात. बाजरीचा रोडगा, वांग्याचं भरीत, पातीचा कांदा, ठोंबरा. रोडगा म्हणजे जाड भाकरी, पण ती भाकरीसारखी झटपट होत नाही. बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते. चाळीत मी गॅलरीत शेगडी पेटवून निखाऱ्यावर कडेकडेनं फिरवायची. आता बाविसाव्या मजल्यावर तव्यावर झाकण ठेवून करते. निखाऱ्याचा वास नाही, याची मला दरवर्षी चुटपुट लागते. पहिला घास देवाला आणि त्यानंतरचा कुत्र्याला. कुत्रा त्याच्या स्वारीतला, त्याला डावलून चालत नाही. चाळीतली कुत्री त्या दिवशी न बोलावता जिन्यात येऊन बसायची.

युद्धाचे देव जगात बरेच आहेत. रोमन लोकांच्या मार्सवरून मार्च महिन्याला नाव पडलं. आपल्याकडे देवांचा सेनापती कार्तिकेय, पण महाराष्ट्रात बायकांनी कार्तिकस्वामीचं दर्शन घ्यायचं नाही अशी रूढी आहे. तोच देव मुरुगन होऊन माटुंग्यात येतो तेव्हा तमिळ बायका सहकुटुंब त्याच्या पाया पडतात. आमचा खंडोबा तर बाईला घोड्यावर पुढ्यात घेऊन लढाईला निघालेला. त्याच्या बायका लोककथेत पाच: म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई (बानू) धनगराची, रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चंदाई बागवानीण. मुसलमान भक्त त्याला मल्लूखान म्हणतात. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त जोतीराव फुल्यांनी खंडोबाला बळीराजाच्या राज्यातला अधिकारी मानलंय. आपापल्या परीनं ज्यानं त्यानं त्याला आपला करून घेतला.

पण एक गोष्ट मी नातवापासून लपवली नाही. याच देवाच्या नावानं मुली सोडल्या गेल्या. नवस फेडायचा म्हणून पोटची पोर खंडोबाला वाहायची, तिचं लग्न देवाशी लावायचं आणि मग तिनं मुरळी म्हणून जन्म काढायचा. दलित घरांतल्या कितीतरी मुलींच्या वाट्याला हे आलं. शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘सोमवंशीय मित्र’ या आपल्या पत्रातून याविरुद्ध आवाज उठवला. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. देणं फेडायचं ते आपल्या घामाचं फेडावं. दुसऱ्याचं आयुष्य देवाला द्यायचा अधिकार आईबापांनाही नाही. तुझ्या राज्यात देवाला काय वाहतात ते लिहिशील, तेव्हा कुणाला विचारून वाहतात तेही लिही, असं मी त्याला म्हटलं. त्यानं ते लिहून घेतलं.

मग तळी. तांब्याच्या ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, पैसा, खोबऱ्याचे तुकडे, भंडार, बेल. पुरुष गोल बसतात, तीन, पाच किंवा सात, विषमच. सगळ्यांनी काठाला हात लावायचा, ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत तीन वेळा ताम्हन उचलायचं आणि खाली ठेवायचं. मग एकमेकांच्या कपाळी भंडार लावायचा, खोबरं वाटायचं. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. पण एकट्यानं होत नाही.

१९८२ साली आमच्याकडे पाच माणसं भरेनात. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला होता, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर होते, आणि मार्गशीर्ष उजाडेपर्यंत निम्मी चाळ गावाला गेली होती. सासरे, म्हणजे आमचे मामंजी, साचाखात्यात होते. मामंजी आणि आमचे हे, दोघंच घरात. तिसरे समोरच्या खोलीतले मालवणी काका आले, त्यांचा देव वेगळा. चौथा त्यांचा नववीतला मुलगा. पाचव्यासाठी मामंजी खाली जिन्याशी बसणाऱ्या शिंपीचाचांकडे गेले. चाचा म्हणाले, “मला चालेल, तुमच्या देवाला चालेल का?” मामंजी म्हणाले, “त्याचं एक नाव मल्लूखान आहे. चला.” त्या वर्षी खोबरं अर्धी वाटीच होती. तिचे इतके बारीक तुकडे मी आयुष्यात केले नाहीत.

तळी उचलताना मामंजींनी नवस बोलला. गिरणीचा भोंगा वाजला तर जागरण घालीन. मोठ्यानं बोलले, सगळ्यांनी ऐकला.

भोंगा वाजला नाही. आमची गिरणी पुन्हा धड उघडलीच नाही. संप कधी संपला असंही कुणी जाहीर केलं नाही. मामंजी पुढे एका दुकानात रात्रीची राखण करू लागले.

आणि तरी १९८६ साली त्यांनी चाळीच्या चौकात जागरण घातलं. मला राग आला होता. घरात दोन लहान मुलं, रेशनचं धान्य, आणि देवानं काम केलेलं नसताना वाघ्या-मुरळीला बोलावणं! मी तसं बोलूनही दाखवलं. ते एवढंच म्हणाले, “पोरी, मागितलं तेव्हाच देणं लागलं.”

दादरच्या बाजारातून पाच ऊस आणून त्यांचा मांडव उभा केला. घोंगडीवर चौक भरला, घट मांडला, दिवटी पेटवली. वाघ्याच्या हातात दिमडी, बाजूला तुणतुणं, मुरळीच्या हातात घाटी. तिघंही पलीकडच्या वाडीत राहणारी, दिवसा हमाली आणि धुणीभांडी करणारी. त्यांनी गावोगावच्या देवांना जागराला बोलावलं: जेजुरीचा ये, आमच्या पालीचा ये, नळदुर्गचा ये. पाली म्हणजे कराड तालुक्यातलं, तारळी नदीच्या काठचं. तिथं पौषात देवाचं आणि म्हाळसेचं लग्न लागतं आणि सारं गाव भंडारानं पिवळं होतं. पहाटे लंगर तोडायची वेळ आली. लोखंडी साखळी. वाघ्यानं ती ताणली, एक हिसका दिला आणि ती तुटली, तेव्हा चौकात उभे असलेले बेकार गिरणी कामगार इतक्या जोरात ओरडले की वरच्या मजल्यावरची पोरं जागी झाली.

पण मला आठवतं ते त्याआधीचं. वाघ्या मणीची कथा सांगत होता. मामंजी दमून खांबाला टेकले होते, डोळे मिटलेले. कथा सांगणाऱ्यागणिक थोडी बदलते, त्यानं सांगितली ती अशी: दोघे भाऊ पडले. देवानं शेवटची इच्छा विचारली. मल्लानं जगाचा नाश मागितला. देवानं त्याचं मुंडकं उडवून देवळाच्या पायरीशी टाकलं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली. मणीनं मात्र आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि म्हणाला, मला तुझ्याजवळ जागा दे. देवानं दिली. देव आज बसतो तो घोडा मणीचा. देवळात मणीची मूर्ती असते. देव स्वतः शाकाहारी, बोकडाचा मान असेल तर तो मणीचा.

मामंजी सरळ होऊन बसले. वाघ्याला म्हणाले, “परत सांग.” त्यानं परत सांगितलं.

त्यानंतर ते गेले त्या वर्षापर्यंत, टाकाला भंडार लावताना त्यांचं बोट आधी घोड्याच्या पायाशी जायचं, त्या झिजलेल्या डोक्यांपैकी डावीकडच्या डोक्यावर. मग म्हाळसा, मग देव. आमच्या गावात अशी रीत नाही. त्यांनी ती कुणाला शिकवलीही नाही. आता मी लावते ती तशीच लावते.

जेजुरीला दसऱ्याच्या उत्सवात सुमारे ४२ किलोचा खांडा उचलायची चढाओढ लागते. एका हातानं पेलणारे, दातात धरणारे गडी असतात, बघताना छाती दडपते. नातवाला ते सगळ्यात जास्त आवडेल असं मला वाटलं होतं. त्यानं ते लिहून घेतलंही. पण नंतर तो बराच वेळ टाक हातात धरून बसला, अंगठा घोड्याच्या पायाशी.

“आजी, मणीनं घोडा दिला, मग तो गेला कसा?”

पोथीत याचं उत्तर नाही. मी त्याला मामंजींचं सांगितलं. संपाच्या काळात ते रोज सकाळी लालबागहून गिरणीच्या गेटपर्यंत जायचे, दुपारपर्यंत उभे राहायचे आणि परत यायचे. बसचे पैसे वाचवायला जातायेता चालत.

त्यानं वहीतली ‘हरलेल्याला प्रवेश नाही’ ही ओळ खोडली. खाली मणीचं नाव लिहिलं आणि त्यापुढे एकच शब्द: पायी.