भूत, काल आणि एक स्टूल

शालिवाहन शक आपल्याखेरीज आणखी कोणी मोजत असेल, असे मला बरीच वर्षे वाटले नव्हते. पण इंडोनेशियातल्या बाली बेटावरचे हिंदू आजही शकाचीच वर्षे मोजतात. २०२३ साली तर त्यांचे नववर्ष आणि आपला पाडवा २२ मार्च या एकाच दिवशी आले. दोघांचाही शक १९४५!

नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी तेथे मशाली पेटतात. भांडी बडवून, आरोळ्या ठोकून लोक दुष्ट शक्तींना हाकलतात. ‘ओगो-ओगो’ नावाचे अक्राळविक्राळ पुतळे मिरवतात आणि पुष्कळ ठिकाणी ते जाळून टाकतात. या शक्तींचे नाव ‘भूत-काल’. शब्द संस्कृतातलेच, पण मराठीच्या मास्तराला ‘भूतकाळ’ आठवल्याशिवाय कसा राहील?

मला आठवली ती लालबागच्या आमच्या चाळीतली होळी. पाडव्याच्या पंधरा दिवस आधीची. आया पुरणपोळीचा नैवेद्य दाखवीत आणि आम्ही पोरे तोंडावर उलटा हात मारून बोंब ठोकीत असू. चोरलेल्या लाकडावाचून होळी ती कसली, हे आमचे शास्त्र! एका वर्षी आम्ही शेजारच्या काकांचे स्टूल पळवले. १९८२ च्या संपात त्यांची गिरणी सुटली, ती कायमचीच. दिवसभर ते गॅलरीत त्या स्टुलावर बसून रस्त्याकडे पाहत. होळी भडकली तेव्हा त्यांनी ते ओळखले. आम्ही आणखी जोराने बोंब मारली. काका एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते कठड्याला टेकून उभे राहू लागले.

बालीत आगीनंतरचा दिवस मौनाचा असतो. त्याला ‘न्येपी’ म्हणतात. त्या दिवशी विस्तव नाही, दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळसुद्धा चोवीस तास बंद! आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी चूल पुन्हा पेटते, लोक आप्तेष्टांकडे, शेजाऱ्यांकडे जातात आणि झाल्या-गेल्या चुकांची क्षमा मागतात.

हे वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. होळी आम्ही दरवर्षी पेटवली, बोंबही मनसोक्त मारली. पाडव्याला गुढी उभारून नवे वर्षही सुरू केले. काका पुढे खोली सोडून कोकणात गावी गेले, ते परतले नाहीत. होळी आणि पाडवा यांच्यामध्ये तब्बल पंधरा दिवस होते. आणि त्यांचे दार आमच्या दारापासून चार पावलांवर होते.