राक्षसाच्या मांडीचं हाड

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत निघाला. चार-पाच जणांनी गोल करून बसायचं, एकाने गोष्ट पुढे न्यायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं आणि अडलं की फासे टाकायचे. पात्र निवडताना आधी त्याची जमात ठरते: बुटके काटक, एल्फ चपळ, वगैरे. हौशी मंडळी मग स्वतःच्या नव्या जमाती घडवतात. शहापुरात आमच्याकडे इंटर्नशिपला आलेला एक मुलगा रात्रपाळीत मोकळा वेळ मिळाला की हेच करतो आणि वही मला ‘तपासायला’ देतो.

मी त्याला एकच विचारतो, किंमत काय? शरीरात फुकट काही मिळत नाही.

त्याचा राक्षस माणसाच्या दहापट उंच, पण बांधा तुमच्या-माझ्यासारखाच. उंची, रुंदी, जाडी तिन्ही दहापट झाल्या की वजन होतं हजारपट. हाडाचा छेद मात्र शंभरपटच वाढतो. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहापट भार आला. पहिल्याच पावलाला मांडीचं हाड मोडायचं! हा हिशेब जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ मध्ये मांडला होता. हे ब्रिटिश शास्त्रज्ञ पुढे भारतात येऊन इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांच्याकडे पुन्हा येऊ. राक्षस हवाच असेल, तर त्याला हत्तीसारखे खांबाएवढे पाय द्यावे लागतील.

दुसरी जमात अंधारात पाहणारी. तानसाच्या जंगलात बॅटरी मारली की बिबट्याचे डोळे चमकतात, कारण त्याच्या दृष्टिपटलामागे आरशासारखा थर असतो. निसटलेला प्रकाश त्यावरून परततो आणि पुन्हा कामी येतो. पण परतताना तो थोडा विखुरतो, त्यामुळे चित्राची धार कमी होते. या लोकांना रात्री रानात फिरता येईल, बारीक अक्षर वाचणं मात्र कठीण. इंटर्नने त्यांना ग्रंथपाल केलं होतं, ते खोडावं लागलं.

विष न बाधणारी जमात मला आवडली, कारण पावसाळ्यात मुरबाड-शहापूरच्या शेतांतून सर्पदंशाचे रुग्ण येतच असतात. नागाचं विष नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर जाऊन बसतं. मेंदूचा निरोप स्नायूला पोचत नाही आणि श्वास थांबतो. मुंगसाच्या स्नायूवर ही बसायची जागाच जरा वेगळ्या घडणीची असते, म्हणून विषाला पकड मिळत नाही. पण घोणस आणि फुरसं यांचं विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवतं, तिथे या घडणीचा उपयोग नाही. माणसाला तर तीही नाही. मुळ्या-पाल्याने ती येत नाही. दवाखान्यात येऊन प्रतिविष घ्यावंच लागतं.

सगळ्यात चोख किंमत लावलेला गुण मात्र निसर्गानेच घडवला आहे. काही रक्तदोष मलेरियापासून वाचवतात म्हणून टिकले असावेत, अशी कल्पना १९४९ मध्ये याच हाल्डेननी थॅलेसेमियाबद्दल मांडली. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत ती दाखवून दिली. सिकलसेलचं जनुक एकाच पालकाकडून आलं तर गंभीर मलेरियापासून बरंचसं संरक्षण. दोघांकडूनही आलं तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकतात. भारतात हा आजार १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये प्रथम नोंदवला गेला. आपल्या ठाणे-पालघरच्या पाड्यांवरही तो आहे. अर्थात प्रत्येक आदिवासीला तो नसतो आणि फक्त आदिवासींनाच होतो असंही नाही.

वहीतल्या एका पानावर मात्र मी काट मारली. डोंगरात राहणारी जमात: ताकद अधिक दोन, बुद्धी उणे दोन, ‘वेदना जाणवत नाहीत’. मूळ खेळाच्या २०२४ च्या नियमपुस्तकात ‘वंश’ हा शब्द काढून ‘प्रजाती’ केला आहे, आणि बुद्धी-ताकदीचे जन्मजात गुण-अवगुण त्याआधीच सैल झाले होते. आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने माणसांच्या जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा जायला स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षं लागली. ‘वेदना जाणवत नाहीत’ हे तर मी वॉर्डात ऐकलं आहे. कातकरी पोर रात्रभर कण्हतंय आणि कोणी तरी म्हणतं, ही माणसं काटक असतात, सकाळी बघू. सिकलसेलची कळ उठली की मोठी माणसंही ओरडतात. त्या पोराला सलाईन आणि जोरकस वेदनाशामक तासाभरात मिळायला हवं. सकाळपर्यंत थांबलं तर छातीत गुंतागुंत होऊन ते दगावूही शकतं.

सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाचे हातपाय सुजले आणि त्याला हात लावला की ते रडत असेल, तर मुकामार समजून लेप लावू नका, रक्त तपासा. २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. पहिल्या चाचणीला बोटातलं थेंबभर रक्त पुरतं. लग्न ठरवण्याआधी दोघांनीही ती करून घ्यावी. दोघेही वाहक निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते, आणि हे सांगणारा समुपदेशक लग्नाआधी भेटलेला बरा.